सीपॅप पुन्हा सुरू करताना

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कवाटे सतत दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावून मी गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पुन्हा झोपू लागले आहे. मधली काही वर्षे ते यंत्र कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते आणि मी त्याच्याविना झोपत होते. उपचाराकडे परत वळल्यापासून माझ्यासारखी आणखी काही माणसे मला भेटली. कोणी मास्क सहन होत नाही म्हणून, कोणी वजन कमी झाले म्हणून, तर कोणी घर बदलताना यंत्राचे सामान इकडेतिकडे झाले म्हणून उपचार थांबवला होता. त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी होती की, पुन्हा सुरू करणे म्हणजे यंत्र पुसायचे, प्लग लावायचा आणि जिथे सोडले होते तिथून पुढे चालू करायचे. माझा अनुभव वेगळा आहे. मधल्या काळात आजार, शरीर, चेहऱ्याची ठेवण आणि खुद्द यंत्र यांपैकी काहीही होते तसे राहिलेले नसते. म्हणून उपचाराकडे परतणाऱ्या रुग्णाने स्वतःला नवा रुग्ण समजावे आणि सगळ्या गोष्टी पहिल्यापासून तपासून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

मला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया आहे. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाचा वरचा मार्ग अरुंद होतो किंवा पुरता मिटतो. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असतात, परंतु हवा आत जात नाही. कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाला की उसाचा रस ओढताना तो जसा आतल्या आत चिकटतो, तसेच काहीसे घशात घडते. श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याची नोंद ॲप्निया अशी होते. प्रवाह पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे रक्तातील प्राणवायू घटला किंवा झोप मोडली, तर त्याला हायपॉप्निया म्हणतात. दर तासाला अशा किती घटना घडतात, यावरून एएचआय हा आकडा काढला जातो. तो ५ पेक्षा कमी असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार मानतात. घटनेच्या शेवटी बहुधा मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, घसा उघडतो, श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठ तास अंथरुणात घालवूनही आपण थकलेले का आहोत, एवढाच प्रश्न त्याच्यापाशी उरतो.

माझ्या बाबतीत घोरण्याची तक्रार घरात कोणी फारशी केली नव्हती. सकाळी डोके जड असायचे, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागायचे आणि बँकेत दुपारच्या वेळी समोरच्या नोंदवहीतील आकडे एकमेकांत मिसळू लागायचे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो आणि त्यांची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात: थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, उदासपणा. त्यामुळे ही सगळी लक्षणे वयाच्या आणि थायरॉइडच्या खात्यावर जमा होत राहतात. रात्रीच्या लघवीचेही या आजाराशी नाते असते, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो ताण निर्माण होतो, त्याने हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि लघवीचे प्रमाण वाढवणारे संप्रेरक स्रवते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के जणांमध्ये झोपेतील श्वासाचा विकार आढळला, आणि ७.५ टक्के जणांमध्ये त्यासोबत दिवसा अतिरिक्त झोप येण्याची तक्रारही होती. आपल्याकडच्या आजाराचे प्रमाण दाखवणारे ते फार मोलाचे काम आहे; पण ती पाहणी पुरुषांची होती. स्लीप ॲप्निया म्हटले की जाड मानेचा, जोराने घोरणारा पुरुषच डोळ्यांसमोर येतो, आणि माझ्यासारख्या बाईला तपासणीपर्यंत पोहोचायला उशीर होतो.

माझे निदान २०१७ मध्ये झाले. तेव्हा एएचआय ३८ होता. यंत्र आणले, पहिल्या काही आठवड्यांच्या खटाटोपानंतर ते अंगवळणी पडले आणि तीन वर्षांहून अधिक काळ मी ते नेमाने वापरले. खंड पडला तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात मलाच प्रथम संसर्ग झाला. सीपॅपच्या मास्कला उच्छ्वासाची हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात आणि त्यांतून विषाणूचे सूक्ष्म थेंब खोलीभर पसरण्याची भीती होती. म्हणून अशा रुग्णांनी यंत्र वेगळ्या, बंद खोलीतच वापरावे, असा सल्ला त्या काळात दिला जात होता. आमच्या दोन खोल्यांच्या घरात सासूबाई माझ्याच खोलीत झोपत. डॉक्टरांशी फोनवर बोलून मी यंत्र थांबवले. संसर्ग ओसरला, पण त्यानंतर बरेच दिवस खोकला राहिला, मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची मऊ कड, फाटली, आणि श्वसनाची उपकरणे विकणारा प्रत्येक जण तेव्हा रुग्णालयांच्या मागणीत बुडालेला होता. उशी मिळायला काही महिने लागले. तोपर्यंत यंत्राविना झोपणे हीच घराची घडी झाली होती.

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केला. त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे कितीतरी फोन आले. या आजाराचे नाव पहिल्यांदाच मराठी घराघरांत ऐकू आले असेल, असे मला वाटते. त्या चर्चेने काळजी जरूर वाढली. मात्र काळजीतून उपचाराची वाट आपोआप सापडत नाही. कुठे जायचे, कोणाला विचारायचे, जुने यंत्र चालेल का, या साध्या प्रश्नांची उत्तरे त्या फोनवर कोणापाशीही नव्हती.

सीपॅप बंद केल्यावर शरीरात काय घडते, हे नेमके सांगणारा एक अभ्यास आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. झुरिचमधील संशोधकांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. यंत्र नीट वापरणाऱ्या ४१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाचा उपचार तसाच चालू ठेवला आणि दुसऱ्या गटाला दोन आठवडे केवळ नावापुरता, परिणामशून्य दाब दिला. दुसऱ्या गटात आजार काही दिवसांतच परत आला, झोपाळूपणा वाढला, आणि दोन आठवड्यांअखेर सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी ८.५ अंकांनी व खालचा जवळजवळ ७ अंकांनी चढला. वर्षानुवर्षे यंत्र वापरले म्हणून घशात काही शिल्लक जमा होत नाही, हे यावरून कळते. सीपॅप घसा दुरुस्त करत नाही. हवेच्या दाबाने तो त्या रात्रीपुरता उघडा धरतो. मी माझी २०२१ नंतरची रक्तदाबाची टिपणे काढून पाहिली तेव्हा दोन वर्षांत एका गोळीच्या दोन झालेल्या दिसल्या. वय आणि वजन ही कारणे होतीच, त्यामुळे सगळा दोष ॲप्नियाला देता येणार नाही. पण ज्या डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली त्यांनी झोपेविषयी विचारले नव्हते, आणि असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे रुजायला हवी.

मला तो प्रश्न अखेर एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी विचारला. पित्ताशयातील खड्यांमुळे दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधीच्या तपासणीसाठी मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांनी टेप काढून माझ्या मानेचा घेर मोजला. मग विचारले, "काकू, झोपेत श्वास थांबतो असे कोणी सांगितले आहे का?" मी जुन्या निदानाचे सांगताच त्यांनी पुढचा प्रश्न केला, "मशीन सध्या वापरता का? उशाशी असते की कपाटात?" त्यांच्या आवाजात रागवणे नव्हते, त्यांना केवळ खरे उत्तर हवे होते. भूलतज्ज्ञ जी प्रश्नावली वापरतात तिचे नाव स्टॉप-बँग. टोरोंटोमधील डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने ती २००८ मध्ये मांडली. घोरणे, थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणे, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग अशा आठ मुद्द्यांना प्रत्येकी एक गुण असतो आणि पाच किंवा अधिक गुण म्हणजे मोठी शक्यता. भूल आणि त्यानंतरची तीव्र वेदनाशामके घशाचे स्नायू आणखी सैल करतात व जागे होण्याची प्रतिक्रिया मंदावतात, म्हणून अशा रुग्णाची शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र जपावी लागते. डॉक्टरांनी सांगितले की, शस्त्रक्रिया तातडीची नाही, तेव्हा आधी झोपेचा उपचार सुरू करा, तो स्थिर होऊ द्या आणि दाखल होताना स्वतःचे यंत्र व मास्क घेऊन या. ज्यांनी यंत्र बंद केलेले आहे त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये, एवढी एक विनंती मी आग्रहाने करीन.

त्यानंतर मी प्रथम यंत्राच्या वितरकाकडे गेले. त्याचे म्हणणे होते की जुना दाब यंत्रात भरलेलाच आहे, फिल्टर बदलू आणि आज रात्रीपासून सुरू करू. श्वसनरोगतज्ज्ञांनी हे मान्य केले नाही आणि मला त्यांचे बरोबर वाटते. सीपॅपचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती यंत्रे साधारणपणे ४ ते २० पर्यंतचा दाब देतात, आणि कोणाला किती लागेल हे वजन, घशाची ठेवण, नाकाची अवस्था, झोपण्याची कूस अशा अनेक गोष्टींवर ठरते. दाब कमी पडला तर घसा मिटतच राहतो. गरजेपेक्षा जास्त झाला तर मास्कमधून हवा गळते, पोटात हवा जाऊन ते फुगते, आणि काही रुग्णांत तर मेंदूकडून येणारी श्वासाची आज्ञाच थांबून वेगळ्या प्रकारचे ॲप्निया उद्भवतात. माझी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी, पुन्हा झाली. एएचआय ४६ आला आणि प्राणवायूची पातळी सर्वांत खाली ७४ टक्क्यांपर्यंत गेलेली दिसली. पूर्वी मला ९ चा एकच स्थिर दाब होता. आता डॉक्टरांनी ७ ते १२ या मर्यादेत आपोआप कमीजास्त होणारा दाब लिहून दिला.

जुने यंत्र हा स्वतंत्र विषय आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो श्वसनयंत्रे जगभरातून परत मागवली होती, कारण यंत्राचा आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण किंवा त्यातून निघणारी रसायने रुग्णाच्या श्वासात जाण्याची शक्यता होती. ज्यांचे यंत्र त्याआधीपासून कपाटात आहे त्यांच्यापर्यंत ही सूचना पोहोचलेलीच नसेल, म्हणून यंत्राच्या खालच्या बाजूचा मॉडेल व अनुक्रमांक पाहून ते तपासून घेणे गरजेचे आहे. माझे यंत्र दुसऱ्या कंपनीचे निघाले. तरीही त्याच्या हवेच्या मार्गात दमट वास होता, फिल्टर काळा पडला होता आणि नळीला घडीपाशी बारीक चीर होती. दुरुस्तीतज्ज्ञाने दाबमापक लावून पाहिले, तर पडद्यावर ९ दिसत असताना प्रत्यक्षात त्याहून कमी दाब येत होता. तसेच चालू केले असते तर उपचार होतो आहे असे वाटत राहिले असते आणि घसा मात्र मिटत राहिला असता. मी नवे यंत्र घेतले. हा खर्च मोठा आहे आणि बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये घरी वापरायच्या सीपॅप यंत्राचे पैसे मिळत नाहीत. ज्या उपकरणावर रुग्णाचा रक्तदाब आणि दिवसभराची जाग अवलंबून आहे ते वगळलेले असावे, हे मला अन्यायाचे वाटते. काही वितरक महिन्याच्या भाड्याने यंत्र देतात. पुन्हा सुरुवात करणाऱ्याने थेट खरेदी करण्याआधी तो मार्ग विचारात घ्यावा.

मास्कविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या पाहण्यात लोक यंत्राला कंटाळून उपचार सोडत नाहीत, मास्कला कंटाळून सोडतात. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात पाच रुग्णांवरील पहिला अहवाल प्रसिद्ध केला, तोपर्यंत तीव्र आजारावर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीच्या त्या रुग्णांचे मास्क प्रत्येकाच्या नाकाचा साचा घेऊन बनवलेले असत आणि रोज रात्री सिलिकॉनच्या गोंदाने नाकावर चिकटवावे लागत. आज पूर्ण नाकतोंड झाकणारे, फक्त नाक झाकणारे आणि नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारे असे अनेक प्रकार व मापे मिळतात. तरीही दुकानात बसून, चेहऱ्यासमोर धरून निवडलेला मास्क रात्री बसेलच असे नाही. आडवे झाल्यावर गालांची त्वचा मागे ओघळते आणि दाब सुरू झाल्यावर मास्क किंचित उचलला जातो. म्हणून मास्क आडवे होऊन, यंत्र चालू करून, दोन्ही कुशींवर वळून पाहूनच घ्यावा. मधल्या काळात माझे वजन वाढले होते आणि एका बाजूच्या दाढा काढल्यामुळे गाल बसला होता. पूर्वीचे माप आता कामाचे नव्हते.

नव्या मास्कमधूनही पहिल्या आठवड्यात डाव्या बाजूने हवा गळत राहिली. ती हवा थेट डोळ्यात जाई आणि सकाळी डोळा लाल होऊन चुरचुरे. मी पट्टे आवळत गेले, त्याने नाकाच्या दांडीवर वळ उठले, गळती तशीच. पट्टे जास्त आवळले की सिलिकॉनची उशी चुरगळते आणि गळती उलट वाढते, हे मला मास्क बसवून देणाऱ्या मुलीने दाखवले. तिने माझा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाली, "काकू, तुमची चमकी." लग्नाआधीपासून माझ्या डाव्या नाकपुडीत खड्याची चमकी आहे आणि ती उशीच्या कडेखाली येऊन तिथे केसभर फट राहत होती. मला ती रोज काढायची नव्हती. आमच्या सोनाराकडून मी अगदी सपाट, बिनखड्याची चमकी घडवून घेतली आणि नाकाखालून टेकणाऱ्या प्रकारचा मास्क निवडला. डावीकडची गळती त्यानंतर थांबली. परदेशात छापलेल्या माहितीपुस्तिकेत दाढीमिशांचा उल्लेख सापडतो, चमकीचा सापडत नाही. तसेच केसांचे. अंबाडा किंवा घट्ट वेणी मानेवर असली की मागचा पट्टा वर सरकतो, म्हणून वेणी सैल घालून एका बाजूला घ्यावी लागते. रात्री डोक्याला खोबरेल चोपडण्याची सवय मी सकाळवर नेली, कारण तेलाने पट्टे निसटतात आणि तेलाचा किंवा क्रीमचा हात सिलिकॉनला लागला की ते लवकर खराब होते. मास्कची उशी रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे एवढे पुरते.

मास्क लावताच घुसमटल्यासारखे होणे हा अनुभव परतणाऱ्यालाही नव्याने येतो. पूर्वीची सवय कामी येते हे अंशतःच खरे आहे. मला एका तंत्राचा उपयोग झाला. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना मी प्रथम नुसता मास्क लावून बसले, मग यंत्र चालू करून बसले आणि त्यात अस्वस्थता वाटेनाशी झाल्यावर रात्री लावू लागले. यंत्रातील दोन सोयी अशा वेळी जरूर चालू ठेवाव्यात: सुरुवातीला कमी दाब देऊन तो हळूहळू वाढवणारी रॅम्प आणि उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवणारी सोय. नाक चोंदलेले असेल तर यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. मी झोपण्यापूर्वी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून जलनेती करते. नेतीसाठी नळाचे कच्चे पाणी घेऊ नये. पहिल्या रात्रींत स्वप्ने फार आणि फार स्पष्ट पडली. दीर्घकाळ तुटत राहिलेली स्वप्नांची झोप शरीर भरून काढते, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि थोड्याच दिवसांत ते थांबले.

किती तास लावायचे, या प्रश्नावर मी माझे मत स्पष्टपणे मांडते. वितरक आणि काही डॉक्टरही "चार तास झाले तरी चालेल" असे सांगतात. हा चार तासांचा आकडा अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमायोजनेच्या नियमामुळे रूढ झाला आहे: सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला तर यंत्राचे पैसे पुढे मिळतात. तो हिशेबाचा निकष आहे, आरोग्याचे उद्दिष्ट नव्हे. स्वप्नांची झोप, जिला आरईएम म्हणतात, मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते. तीत घशाचे स्नायू सर्वाधिक सैल असतात, आणि स्त्रियांमध्ये तर पुष्कळदा ॲप्नियाच्या घटना याच टप्प्यात एकवटलेल्या असतात. अकराला मास्क लावून तीनला काढणारी बाई आपल्या आजाराचे सर्वांत वाईट तास उपचाराविना काढते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले २,७१७ रुग्ण होते आणि तिच्या केंद्रांत भारतातील केंद्रेही होती. सीपॅपने हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले नाहीत, असा तिचा निष्कर्ष आला आणि तो सीपॅपविरुद्ध वारंवार सांगितला जातो. पण त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्रीला ३.३ तास होता, आणि तेवढ्या वापरातही घोरणे, दिवसाची झोप व मनःस्थिती यांत सुधारणा दिसली होती. पूर्ण रात्रीच्या वापराने हृदयाचे रक्षण होतेच, असे त्यावरून म्हणता येणार नाही; तरी साडेतीन तासांहूनही कमी वापरावरून पूर्ण रात्रीचा निकाल लावणेही योग्य नाही.

यंत्र रोजचा एएचआय, गळती आणि वापराचे तास नोंदवते. माझा एएचआय आता बहुधा ३ च्या आत असतो. एखाद्या रात्री तो वाढला तर मी प्रथम गळतीचा आकडा पाहते, कारण तोंड उघडे राहून हवा निसटली की घशातला दाबही पडतो. हनुवटीच्या पट्ट्याने ते पुष्कळ कमी झाले. एका रात्रीच्या आकड्यावरून स्वतःच दाब बदलू नये. दोन-तीन आठवड्यांची नोंद डॉक्टरांना दाखवावी. सकाळची डोकेदुखी सर्वांत आधी गेली, रात्रीचे उठणे त्यानंतर कमी झाले. रक्तदाब किंचितच उतरला असून दोन्ही गोळ्या अजून चालू आहेत. थकवा मात्र हळूहळू हटतो आहे आणि परतणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात नवे अंग मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. पित्ताशयाची शस्त्रक्रिया त्यानंतर झाली. शुद्धीवर आल्यापासून यंत्र माझ्या उशाशी होते आणि ती रात्र सुरळीत गेली.

वजनाविषयी मला सगळेच विचारतात. वजन कमी करणाऱ्या टिरझेपाटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी मान्यता दिली आणि २०२५ मध्ये मधुमेह व वजनासाठी ते भारतातही आले. ते मला योग्य आहे का, हा माझ्या डॉक्टरांचा आणि माझा विषय आहे. वजन उतरले तरी यंत्र थांबवण्याचा निर्णय काट्यावरून न घेता पुन्हा झोपेची तपासणी करूनच घ्यायचा, एवढे आम्ही ठरवले आहे.

राहिले पाणी, पावसाळा आणि प्रवास. हवेला ओलावा देणाऱ्या भांड्यात मी डिस्टिल्ड वॉटरच घालते. नळाच्या पाण्याने पांढरे थर बसतात. उरलेले पाणी रोज ओतून भांडे कोरडे करावे लागते. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, म्हणून ओलाव्याचे प्रमाण मी खाली आणते. ते जास्त राहिले आणि खोली गार असली की नळीत पाणी साचून नाकाशी गुळगुळ होते. यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवले की ते पाणी मागे भांड्याकडे जाते. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर यंत्र चालते, मात्र ओलाव्याची तापपट्टी बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त टिकते. प्रवासात भांडे पूर्ण रिकामे करूनच पिशवीत घालावे, नाहीतर पाणी यंत्राच्या आत उतरते. पुढच्या महिन्यात चिपळूणला भाचीचे लग्न आहे. सगळ्या बायका एका दालनात गाद्या टाकून झोपतील, तिथे यंत्र लावायला मला अजिबात संकोच वाटणार नाही. मी यजमानीणबाईंना फोन करून भिंतीकडेची, प्लगजवळची गादी आत्ताच सांगून ठेवली आहे आणि लांब वायरचा बोर्ड पिशवीत भरला आहे.